जागा एकच होती

समुद्राचं मीठ कापडात राहिलं की वाळल्यावर ते खळ घातल्यासारखं कडक होतं आणि चुरगाळलं तर त्याचा बारीक भुगा नखांत जाऊन बसतो. आमच्या मुरुम गावात, परसातल्या तारेवर माझी निळी सलवार वाळत होती. श्रावणातलं धुवट ऊन तिच्यातून आरपार जात होतं आणि दोन्ही पायांवर, घोट्यांच्या थोडं वर, एक नागमोडी पांढरी रेघ उमटलेली दिसत होती. पावसाळ्यात भिंतीला खालून ओल चढते आणि एका ठिकाणी थांबते, तशी. मी समुद्रात किती उतरले होते त्याची ती खूण. फार नाही. घोट्यांच्या वर, गुडघ्यांच्या बरीच खाली. एवढ्यासाठी विमानानं जाऊन विमानानं परत आले होते, आणि तारेखाली बाजेवर बसून मूग निवडणाऱ्या माझ्या सासूबाई त्या रेघेकडे अशा पाहत होत्या की जणू मी त्यांच्या घरात काहीतरी चोरून आणलं आहे.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. तीन वर्षांतून एकदा पंचांगात येणारा हा जास्तीचा महिना आमच्याकडे जावयाचा. लग्नं, वास्तुशांती, नवी खरेदी सगळं थांबतं आणि सासुरवाडीला एकच काम उरतं. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तांब्याच्या ताटात अनारसे रचून, त्यावर पेटता दिवा ठेवून ते वाण त्याच्या हाती द्यायचं आणि तो प्रसन्न दिसतो की नाही याकडे डोळे लावून बसायचं. माझ्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, म्हणजे मान दुप्पट. लेक प्राची हैदराबादला एका विमान कंपनीच्या काउंटरवर काम करते. तिचा नवरा निखिल संगणकाच्या कंपनीत आहे. मी मुरुमच्या बाजारात औषधांचं दुकान चालवते आणि माझा नवरा सुधाकर डाळींच्या आडतीवर बसतो. तो कुठल्याही प्रश्नावर आधी समोरच्याचं मत विचारतो आणि मग तेच आपलं म्हणून सांगतो, त्यामुळे गावात त्याला शत्रू नाही.

अनारशांचं पीठ आंबत ठेवलेलं असताना, भर दुपारी, प्राचीचा फोन आला. "आई, अंगठी नको, कपडे नकोत, काही नको. अंदमानला जाऊ. उद्या सकाळच्या विमानात जागा पडून आहेत. संध्याकाळपर्यंत इकडे पोचा."

विमान कंपनीच्या नोकरांच्या नवऱ्याला नि आईबापाला जवळजवळ फुकट नेतात, पण विमानात जागा उरली तर. त्याला स्टँडबाय म्हणतात. पैसे भरून आलेली सगळी माणसं चढली, दार बंद व्हायची वेळ झाली, तरी खुर्च्या रिकाम्या दिसत असल्या की मग तुमचं नाव घेतात. लग्नाच्या पंगतीला कडेनं उभं राहण्यासारखं आहे ते; वाढपी पुन्हा फिरला तर पान, नाही तर हात धुवायला मोकळे. प्राचीनं नियम पढवले होते. पायात चप्पल नको, बूट हवेत. मोठ्यानं बोलायचं नाही. शेजारी कुणी विचारलं तर फुकट आलोय हे सांगायचं नाही. कुणी जागा बदलून मागितली तर निमूट उठायचं. ऐकताना मला वाटलं, या नियमांत मला नवीन काय आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हेच तर सांगितलं होतं.

सासूबाईंना मी आमच्या भागातल्या रीतीप्रमाणे आत्या म्हणते. त्यांचं वय ऐंशीच्या आसपास, दात अर्धे, जीभ पूर्ण. कंपनीच्या यादीत आजी बसत नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न आपोआप सुटला असं आम्ही धरलं. त्यांचं तिकीट विकत काढता आलं असतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही. आणि विचारलं नाही, नेमकं हेच त्यांना लागलं. सुधाकरनं बॅग भरता भरता त्यांना बातमी सांगितली, पावसाची बातमी सांगावी तशी.

"मलमासात पाणी वलांडून जात न्हायत," आत्या म्हणाल्या.

"आई, विमानानं जायचंय. पाणी खालीच राहतं."

"जावा की. म्या मेले तर शेजारच्या नसीमला सांगून ठिवा, बर्फ कुठं मिळतो ते. तुमी येस्तवर ठिवाय लागंल."

हैदराबादहून प्राची फोनवर होती, तिनं विचारलं, "आजी, तुला तिकडून काय आणू?" स्पीकर चालूच होता. "नारळ आण," आत्या म्हणाल्या, "माज्या टाळूवर फोडाया." प्राची खूप हसली. तिला आजीचा स्वभाव गोड वाटतो. लांब राहणाऱ्यांना वाटतो तसा.

निघताना शेजारच्या नसीमभाभींना किल्ली दिली, दोन वेळच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत काढून दिल्या आणि गाडी उमरग्याकडे वळली. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन मांडीला लागलं होतं आणि उडदाच्या रानातून तो कच्चा, हिरवा, किंचित कडसर वास येत होता. सुधाकरनं काच खाली केली आणि दीर्घ श्वास घेऊन म्हणाला, "सुटलो." कशातून ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्या संसारातला हा सगळ्यात प्रेमाचा संवाद असावा.

जाताना आम्हा चौघांनाही जागा मिळाल्या, चार दिशांना. विमानतळावर तपासणीत माझ्या पिशवीतली आगपेटी आणि कापराची पुडी काढून घेतली. ताट, निघण्याआधी घाईनं तळलेले अनारसे, वाती आणि निरांजन तेवढं सोडलं. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे सरकारनं आता नाव बदललं आहे पण तिथला रिक्षावालाही तेच म्हणतो, आम्ही उतरलो तेव्हा हवा इतकी दमट होती की श्वास घेण्यापेक्षा पिणं सोपं गेलं असतं. हॉटेलच्या खोलीत पाटी होती, ज्योत पेटवू नये. मी पलंगावर नवी चादर पसरली, जावयाला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, ताट मांडलं, निरांजन ठेवलं, आणि मग चौघेही त्या न पेटलेल्या वातीकडे पाहत राहिलो. सुधाकर म्हणाला, "मोबाइलची बॅटरी लाव की. उजेड तो उजेडच." मी मोबाइलच्या उजेडानं जावयाला ओवाळलं. निखिलरावांनी डोळे मिटून घेतले. प्राचीनं फोटो काढला आणि खाली लिहिलं की त्यांना गहिवरून आलं. उजेड थेट त्यांच्या डोळ्यांत जात होता, एवढंच.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. त्या बेटांवर सूर्य आपल्या घड्याळाला जुमानत नाही. आमच्याकडे चहाची दुसरी फेरी व्हायच्या वेळेला तिथं उजेड ओसरायला लागतो, आणि तोही आमच्यासारखा रेंगाळत नाही, कुणीतरी बोलावल्यासारखा निघून जातो. पाणी आधी हिरवं होतं, मग जांभळं, मग ज्याला मला नाव देता येणार नाही अशा रंगाचं. वास मात्र मी तत्काळ ओळखला. खूप वर्षांपूर्वी माझ्या दुकानात टिंक्चर आयोडीनची मोठी बाटली फुटली होती आणि फरशीच्या फटींतून तो वास आठवडाभर येत राहिला होता. समुद्राला जखमेवर लावायच्या औषधाचा वास येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सलवार न खोचता तशीच पाण्यात गेले. लाट पायांखालची वाळू काढून नेते, तेव्हा आपण उभेच असतो पण आपल्याखालची जमीन कुणीतरी हळूच ओढून घेतं. त्यात एक भय असतं आणि ते भय सुखद असतं, हे वयाच्या या टप्प्यावर कळावं याचा मला थोडा राग आला.

प्राची शेजारी येऊन उभी राहिली. पायावरची वाळू दुसऱ्या पायानं काढता काढता म्हणाली, "आई, यांना दुबईला नोकरी मिळालीय. मीपण तिकडच्या कंपनीत अर्ज केलाय. दिवाळी झाली की निघू."

मी बरं म्हणाले.

"तुला काय, फुकटच येता येईल. जागा असली की यायचं. थांब, मी ते जागा बघायचं तुझ्या मोबाइलमध्ये टाकून देते. हिरवं दिसलं की मोकळ्या, लाल दिसलं की भरलंय. सोपंय."

तिनं तिथंच, ओल्या हातांनी, माझ्या मोबाइलमध्ये ते टाकून दिलं. पलीकडे सुधाकर जावयाचे फोटो काढत होता. मागे समुद्र, पुढे जावई. अंधार झाला, तरी काढत होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं पलीकडच्या एका बेटावर जायचं ठरलं होतं. तिथं काचेचं बूड असलेल्या होडीतून पाण्यातलं सगळं दिसतं म्हणे. माझी त्या होडीवर फार इच्छा होती. इच्छा हा शब्द मी एरवी वापरत नाही, पण होती.

तिथं पहाटही लवकर होते. पाखरांनी गलका सुरू केला होता आणि पडद्याच्या कडेनं गुलाबी उजेड आत येत होता, तेव्हा नसीमभाभींचा फोन आला.

"भाभी, आजीनं छाती धरलीय. पहाटेपासनं. घाम सुटलाय मणत्यात, मला तर दिसंना घाम, पर मैं क्या बोलूँ. दवाखान्यात चला मटलं तर नाय मणत्यात. मणत्यात, पोराला बोलवा, त्याला बघते आन् मग जाते. माझा हात सोडंनात, भाभी."

छाती धरणं हे आत्यांचं जुनं हत्यार. प्राचीच्या हळदीच्या दिवशी धरली होती. मी दुकान काढलं त्या दिवशी धरली होती. सुधाकरला एकदा सोलापूरला चांगली नोकरी चालून आली, तेव्हा तर इतकी घट्ट धरली की त्यानं नोकरीच सोडून दिली. मी गावातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते बिचारे चहा न घेता जाऊन आले; म्हणाले, रक्तदाब जरासा वर आहे, नाडी ठीक, पण वय बघता उमरग्याला नेऊन ईसीजी काढलेला बरा, आणि त्या जागच्या हलत नाहीत. अशा बाईचं अवघड असतं. ती नेहमी खोटं बोलते हे माहीत असतं, आणि एक दिवस तिचं खरं निघणार हेही माहीत असतं. फक्त तो दिवस कोणता, हे तिला विचारता येत नाही.

बोटीच्या धक्क्याऐवजी आम्ही चौघे विमानतळावर गेलो. आदल्या दिवशीचं एक विमान खराब हवेमुळे रद्द झालेलं होतं आणि त्यातली सगळी माणसं आजच्या विमानांत भरली होती. तिकीट विकत घ्यायला गेलो तरी नव्हतं. आजचं नाही, उद्याचंही नाही. प्राची काउंटरवरच्या मुलीशी तिच्या भाषेत बोलली, एकाच धंद्यातल्या माणसांची असते ती भाषा, अर्धी डोळ्यांची. मुलगी म्हणाली, थांबा. आम्ही भिंतीला टेकून थांबलो. माणसं जात राहिली, शंखांच्या माळा घातलेली, उन्हानं नाकं सोललेली. दार बंद व्हायला आलं तेव्हा मुलीनं मान वर केली. एक प्रवासी आलाच नव्हता.

"एकच जागा आहे," ती म्हणाली. "कोण जाणार ते आत्ता सांगा."

ती शांतता मला अजून जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यात सगळे जण फार नीट दिसत होते. जायचं कुणी हा प्रश्न नव्हताच. आई कुणाची, बोलावलं कुणाला, हे त्या काउंटरवरच्या परक्या मुलीलाही कळलं होतं. ती सुधाकरकडेच पाहत होती. सुधाकर त्याच्या बुटांकडे पाहत होता. निखिलराव मोबाइलकडे पाहत होते. मामा, तुम्ही जा, आमची काळजी करू नका, एवढं त्यांनी म्हणायचं होतं. चांगल्या घरचा मुलगा आहे, त्याला कळत नव्हतं असं नाही. प्राची घड्याळाकडे पाहत होती.

"तू जा," सुधाकर म्हणाला. "तुला दवाखान्यातलं कळतं. आणि अधिक महिन्यात जावयाला असं परमुलखात अर्ध्यावर सोडून सासऱ्यानं निघून येणं बरं दिसतं का, तूच सांग."

त्यानं नेहमीप्रमाणे माझं मत विचारलं होतं. यावेळी ते ऐकायला थांबला नाही. माझी पिशवी त्यानं आधीच माझ्या खांद्यावर अडकवली होती.

"आई, पळ," प्राची म्हणाली. "दार बंद होतंय."

मी पळाले. बूट होते पायात, नियमाप्रमाणे.

माझी जागा मधली निघाली. खिडकीशी नवी नवरी, कडेला नवा नवरा, आणि दोघांच्या मधे मी, फुकट बसलेली. दोघं माझ्या पोटावरून वेफर्सचा पुडा एकमेकांना देत होते. मग त्या मुलीनं विचारलं, काकू, तुम्ही खिडकीशी बसाल का, म्हणजे आम्ही दोघं. मी निमूट उठले. अशा रीतीनं मला खिडकी मिळाली आणि समुद्र दिसला. वरून तो स्थिर असतो. लाटा नाहीत, वास नाही, पायाखालून काही ओढून घेणं नाही. नुसता निळा, नीट इस्त्री केलेला, आणि बेटांच्या कडांना किनार लावल्यासारखा पांढरा फेस. त्यातलं कुठलं बेट आजच्या होडीचं, हे शोधायचा मी प्रयत्न केला. मग ढग आले आणि कुणीतरी पान उलटावं तसं सगळं मिटलं. नवरा-बायको एकमेकांच्या खांद्यावर झोपले. मी त्यांचा तिरस्कार केला, असं नाही. पण त्यांचं लग्न कोणत्या महिन्यात झालं असेल आणि मुलाची आई कशी असेल, याचा मी बराच वेळ आणि काहीशा आनंदानं विचार केला.

हैदराबादहून बस मिळाली. जहिराबाद, हुमनाबाद, मग आपल्या पाट्या. उमरग्याहून जीपनं मुरुमला पोचले तेव्हा दिवे लागायला अजून वेळ होता, आणि पाखरं चिंचेवर बसायला जागा शोधत भांडत होती. दार लोटलं. आत्या परसात बाजेवर मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात मूग. खडे निवडून एका बाजूला ठेवत होत्या. त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"तू का आलीस?"

"तुम्हीच बोलावलं."

"म्या पोराला बोलावलं व्हतं."

मी हातपाय धुतले. समुद्रात भिजलेली सलवार पिशवीतून काढून साध्या पाण्यातून खंगाळली, तारेवर टाकली. मग दुकानातून रक्तदाबाचं यंत्र आणून त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. त्यांनी दंड पुढे केला, राणीनं करावा तसा. रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला होता.

"घाम कुठं गेला?" मी विचारलं.

"वाळला."

नसीमभाभी भिंतीपलीकडून डोकावल्या, माझा चेहरा बघितला आणि आत गेल्या. आत्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. गाडी लावायला वेळ लागतो, माणूस मागून येतं, असं काहीतरी त्यांच्या मनात अजून शिल्लक असावं. मला तेव्हा सांगता आलं असतं की माझंच नाव निघालं, नियमच तसा आहे, सुधाकरचा इलाज चालला नाही. सोपं होतं. विमानातलं काही त्यांना कळत नव्हतं, त्यांनी मान्य केलं असतं. पण मी सकाळपासून उपाशी होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक काचेच्या बुडाची होडी होती.

"जागा एकच होती," मी म्हणाले. "कोण जाणार ते आम्हालाच ठरवायचं होतं. तुमच्या लेकानं मला दिली."

सुपातला हात थांबला. मूग एका कडेला घरंगळले आणि तसेच राहिले. आत्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं असेल तर ते माझ्यापर्यंत आलं नाही. म्हातारे चेहरे त्या बाबतीत फार काटकसरी असतात. थोड्या वेळानं बोटं पुन्हा चालू लागली. दोन खडे निघाले. मग त्यांनी तारेवरच्या सलवारीकडे पाहिलं. ऊन तिरपं झालं होतं, पातळ कापड वाऱ्यानं वाळत आलं होतं, आणि खंगाळूनही न गेलेली ती पांढरी रेघ हळूहळू वर येत होती.

तेवढ्यात सुधाकरचा फोन आला. पाठीमागे लाटांचा आवाज होता. "कशी आहे आई? निघू का मी? म्हणजे उद्याही जागा नाहीत म्हणतीय प्राची, पण तू म्हणशील तसं." मी मोबाइल आत्यांच्या हातात दिला.

मी त्यांचा तो आवाज यापूर्वी ऐकला नव्हता. गूळ घातल्यासारखा. "म्या बरी हाय रं राजा. सून आलीय न्हवं. तू यिऊ नगंस. धोंड्याचा म्हैना हाय, जावयाला परमुलखात अर्ध्यावर सोडून येणं बरं दिसत न्हाय. नीट फिरव त्यास्नी."

त्यांनी मोबाइल परत दिला. जावयाचं, परमुलखाचं, अर्ध्यावर सोडण्याचं, हे वाक्य मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. विमानतळावर ते कुणाच्या तोंडून आलं तेही नाही. त्यांनी ते स्वतःच तयार केलं होतं, शब्दाला शब्द, आणि लेकाला उच्चारायची वेळ येऊ नये म्हणून आधीच त्याच्या हातात ठेवलं होतं.

दिवे लागले आणि गल्लीतल्या बायका आल्या. आजारी माणसाला बघायला येतात तशा आल्या होत्या, पण आजारी माणूस मूग पाखडत होतं, त्यामुळे त्या जरा नाराज झाल्या. मग एकीनं जे विचारायचं ते विचारलं.

"सुधाकर न्हाय आला व्हय, आजी?"

"येतच व्हता की," आत्या म्हणाल्या, सूप न थांबवता. "इमानतळावर येऊन हुबा व्हता. जागा एकच निगाली, आन् ती हिनं धरली. हिला घाई. हिचा जीव रमंना तिकडं."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. आत्याही. त्या नजरेत विनंती होती, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. त्या आयुष्यात कुणाला विनवायला गेल्या नाहीत. बाजारात भाव सांगून गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं त्या पाहत होत्या. घेतेस तर घे.

"हो," मी म्हणाले. "मीच घेतली."

बायकांना ते पटलं. माझ्याबद्दल असं काही पटायला गल्लीला कधीच वेळ लागत नाही. चहा पिऊन त्या गेल्या. मी भाकरी टाकल्या, पिठलं केलं, दोन ताटं वाढली. दार उघडं होतं आणि बाहेरून ओल्या मातीचा नि शेणाचा वास येत होता, रोजचा. आत्या ताकात भाकरी कुस्करत होत्या.

"जावयाला ओवाळलं का नीट?"

"मोबाइलच्या उजेडानं. आगपेटी काढून घेतली."

"मग न्हाय पोचला त्याला मान." त्यांनी एक घास घेतला, दातांच्या उरलेल्या बाजूला नेला, चावला. "आन् पोरगी? ती निगते न्हाय मणली?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. काउंटरवरची सगळी तोंडं मी दिवसभर पुन्हा पुन्हा आठवली होती, नवऱ्याचं, जावयाचं. प्राचीच्या तोंडापाशी मी थांबलेच नव्हते. ती घड्याळ पाहत होती. तिची स्वतःची आजी, तिचीच कंपनी, तिच्याच ओळखीनं मिळालेली जागा. आणि मला दिवसभरात एकदाही वाटलं नव्हतं की ती जाते म्हणू शकली असती.

"दिवाळीनंतर दुबईला चाललेत ते," मी म्हणाले. ते उत्तर नव्हतं, पण आत्यांनी ते उत्तर म्हणून घेतलं.

बऱ्याच वेळानं, हात धुऊन, तोंड पुसून झाल्यावर, बाजेवर आडव्या होता होता त्या म्हणाल्या, "मला सून तरी हाय. तू छाती धरशील तवा कोण यील?"

"मी नाही धरणार."

"धरावी लागती," आत्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. "समद्यांस्नीच."

बाकीचे तिघे ठरल्या दिवशी परत आले, रापलेले, खूश, पिशवीभर शिंपल्यांच्या वस्तू घेऊन. सुधाकरनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. होडीतून काय काय दिसलं ते मला मोबाइलवर दाखवलं. पट्ट्यापट्ट्यांचे मासे होते. दिवाळीनंतर प्राची आणि निखिलराव गेले. आत्या आहेत. मूग निवडतात, मधूनमधून छाती धरतात, आणि मी यंत्र घेऊन येते.

निळी सलवार मी अजून घालते, घरात. तिच्यावरची रेघ कितीही धुतलं तरी हात फिरवला की बोटांना लागते. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, समोरच्या रस्त्यावर ऊन नुसतं पडून असतं, तेव्हा मी मोबाइल काढते आणि प्राचीनं टाकून दिलेलं ते उघडते. अंदमानचं बघत नाही. दुबईहून हैदराबादला येणारी विमानं बघते. कुठल्या दिवशी हिरवं दिसतं, कुठल्या दिवशी लाल. सणासुदीला, सुट्ट्यांना सगळं लाल. शुक्रवार-शनिवारचं तर नावच नको. बघून बघून आता मला वार पाठ व्हायला लागले आहेत.

बुधवार त्यातल्या त्यात बरा असतो.